हात न लावलेली गाडी

सोलापुरात जुन्या गाड्या विकणारा शहाजी एकटाच नव्हता, पण जोयाचा आवाज त्याच्या एकट्याकडे होता.

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या एका टॉवेलच्या कारखान्याच्या आवारात त्याचा धंदा चाले. पत्र्याच्या शेडखाली गोल दिव्यांच्या, फुगीर बॉनेटच्या, कुणाच्या तरी आजोबांनी हौसेनं घेतलेल्या गाड्या ओळीनं उभ्या असत. शहाजी त्या धुऊन-पुसून, टायरला काळं मारून तयार करायचा आणि जोया त्यांच्याभोवती फिरत मोबाईलसमोर बोलायची. शुक्रवार पेठेतली ही मुलगी कॉलेजात असल्यापासून लग्नाच्या हॉलांत, दुकानांच्या उद्घाटनांना सूत्रसंचालन करायची. तिचा आवाज किंचित जाड होता, जवळच्या माणसाला खासगीत सांगितल्यासारखा. ती 'विश्वास ठेवा' म्हणाली की लोक ठेवत.

शब्द मात्र शहाजीनं शिकवले. गंज म्हणायचं नाही, पॅटिना म्हणायचं. कुठल्या तरी गोठ्यात वर्षानुवर्षं कोंबड्या बसलेली गाडी असली की 'बार्न फाइंड'. सुटे भाग मिळत नसतील तर 'रेअर', कागद धड नसतील तर 'कलेक्टर्स पीस', जागची हलत नसेल तर 'प्रोजेक्ट कार'. इंजिन कायम बटर स्मूथ. मालक कायम एकच, आणि तोही डॉक्टर.

"सगळेच डॉक्टर कसे असतील, दादा?" जोयानं एकदा विचारलं होतं.

"मग काय वाळूवाला म्हणू? लोकांना डॉक्टर बरा वाटतो. कुणी काय नाडी बघायला येतंय का!"

ती हसली होती. पुढं पुढं ते शब्द तिच्या तोंडात इतके रुळले, की आई रुक्साना शिळी भाकरी गरम करून वाढायला लागली की जोया म्हणायची, "पॅटिना आलाय अम्मी, एकदम ओरिजिनल." रुक्साना म्हणायची, "चुप बैठ गे, खा." दोघी हसायच्या. एकूण बरं चाललं होतं.

दिवाळीनंतर ती काळी गाडी आली.

दोनच दारांची, परदेशी बनावटीची, लांब नाकाची. सोलापुरात पूर्वी गिरण्या चालू होत्या तेव्हा कुण्या साहेबानं आणलेली, असं शहाजी म्हणाला. जोयानं तशी गाडी आधी पाहिली नव्हती. शेडखाली ती उभी राहिली तेव्हा बाकीच्या गाड्या तिच्यापुढं खेळण्यातल्या वाटायला लागल्या.

"हिला मी हात लावलेला नाही," शहाजी म्हणाला. "फक्त वरून धुतली, पॉलिश मारलं. आतला एक स्क्रू फिरवला नाही. अनटच्ड! सध्या लोक अनटच्डला वेडे झालेत. रिस्टोअर केली की निम्मा भाव गेला."

आत तीन-चार सुगंधी पुड्या टांगलेल्या होत्या. तरी त्या वासाखालून दुसरा एक वास येत होता. उपसा न केलेल्या विहिरीत वाकून बघावं तसा. जोयानं पायाखालचं जाजम उचललं तर खाली राखाडी, तलम, पिठासारखी माती होती. बोटाला लागली ती झटकून गेली नाही.

"धूळ आहे," शहाजी म्हणाला आणि जाजम पायानं सारखं केलं. "शेतघरात होती ना बरीच वर्षं. कोरड्या जागेत. तेच बोल, कायम कोरड्या जागेत ठेवलेली."

आणखी एक गोष्ट तिला विचित्र वाटली. गाडीचं डावं दार शहाजी दुसऱ्या कुणाला उघडू देत नव्हता. "थांब, मी उघडतो," म्हणत धावत यायचा, दाराला खालून खांदा दिल्यासारखा उचलायचा आणि मग हँडल ओढायचा. शूटिंगभर त्यानं ते दार पूर्ण लावलंही नाही, नुसतं टेकवून ठेवलं. उजवीकडचं दार तर उघडतच नव्हतं. "साहेबांच्या गाड्या अशाच असायच्या. मूळचंच जड आहे," तो म्हणाला. तिला वाटलं, महागडी वस्तू आहे, जपतोय.

त्या दिवशी तिचा आवाज छान लागला होता. बॉनेटवरून हात फिरवत ती बोलली, अनटच्ड, झिरो रस्ट, डॉक्टर फॅमिलीची, पावसाचा थेंबसुद्धा न पाहिलेली. मागच्या सीटवर हिरव्या दोऱ्याची बारीक शिलाई दिसली तेव्हा ती म्हणाली, "हे बघा, कंपनीची मूळ शिलाई, अजून जशीच्या तशी." शेवटी ती आत बसली, खिडकीच्या काचेला गाल लावल्यासारखं करून हळूच म्हणाली, "एकदा आत बसलात ना, की बाहेर यावंसंच वाटणार नाही."

हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. शहाजीनं शिकवलेलं नव्हतं.

व्हिडिओ असा काही फिरला, की सातरस्त्याला भाजी घेताना एका बाईनं तिला त्या वाक्यावरून ओळखलं. बार्शीचे माउली म्हणून धान्याचे आडते होते, त्यांनी फोनवरच गाडी पक्की केली. "मॅडम, तुमी सांगिटलं म्हंजे इषय संपला," ते जोयाला म्हणाले. "आमची आई, चिमाबाई, ऐंशीच्या पुढं हाय. तिला असल्या गाडीत बसवून भगवंताच्या दर्शनाला न्यायचं, एवढीच हौस हाय बगा."

तिला बरं वाटलं. हौसेची माणसं तिला आवडत.

त्यानंतर एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडं बराच वेळ कुणी बोलेना. फक्त श्वास, आणि लांब कुठं तरी शेळी ओरडल्याचा आवाज.

"हॅलो? गाडीसाठी फोन केलाय का?"

"ते हिरवं दोरं माझं हाय," बाईचा आवाज आला. कानडी वळणाचं, सावकाश बोलणं. "कंपनीचं न्हाय. मी शिवलं हाय ते. इरकलीचं दोरं काढून."

"कोण बोलतंय, मावशी?"

"शिवम्मा. सिद्धप्पाची बायकू." पुन्हा श्वास. "त्यात बसलं की भाईर यावं वाटत न्हाय म्हणलीस. ते का म्हणलीस गं, यव्वा?"

 जोयानं पत्ता विचारला.

शिवम्माचं गाव दक्षिण सोलापुरात, सीना नदीच्या काठाला. सप्टेंबरात नदीनं जे केलं होतं त्याच्या खुणा जोयाला रिक्षातूनच दिसायला लागल्या. विजेच्या तारांवर लटकलेलं वाळकं गवत, माणसाच्या डोक्याच्याही वर भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ, आडव्या उसाचे कुजून काळे पडलेले पट्टे. आणि सगळीकडं ती राखाडी, तलम माती. रस्त्याच्या कडेला, ओसरीवर, झाडांच्या बुंध्याला. जोयानं नकळत आपली बोटं ओढणीला पुसली.

शिवम्मा पन्नाशीची, उंच, अंगानं कोरडी बाई होती. तिनं जोयाला पाणी दिलं आणि समोर बसून सरळ सांगायला सुरुवात केली. रडली नाही.

गाडी तिच्या सासऱ्यानं घेतलेली. गिरणी बंद पडली तेव्हा साहेबाच्या घरचं सामान विकायला निघालं होतं, त्यातली. सिद्धप्पा तिला लेकरासारखं जपायचा. सणाला काढायचा, गावातून एक चक्कर मारायचा, परत झाकून ठेवायचा. पाणी चढायला लागलं त्या सकाळी लोकांनी जनावरं सोडली, भांडी माळ्यावर टाकली, आणि सिद्धप्पा गाडी शाळेच्या उंचवट्यावर नेऊन लावतो म्हणून निघाला.

"ते दार लई दिवस झालं अडकत हुतं," शिवम्मा म्हणाली. "डावं. जोरात लागलं की बसायचं. आत बसल्याला माणूस आतच. भाईरनं कुणीतर उचलून उगडायचं. दुसरं दार तर कदीच उगडलं न्हाय. काच बी खाली येत न्हवती. मी म्हणायची, नीट करून घे. तर म्हणायचा, मूळचं हाय, हात लावाय नको. मेस्त्री बिगडवून ठिवंल."

शाळेच्या अलीकडच्या ओढ्यावर पाणी रस्त्यावरून वाहत होतं. गाडी बंद पडली. गच्चीवर चढलेल्या माणसांना ती दिसत होती. सिद्धप्पा काचेवर हात मारतोय, हेही दिसत होतं. मध्ये पाणी होतं. कुणाला जाता आलं नाही.

"पाणी उतरल्यावर दिरानं गाडी भंगारात देऊन टाकली. मीच म्हणले, डोळ्यासमोरनं न्या. म्हणलं मोडून टाकत्याल." तिनं जोयाकडं पाहिलं. "मोडली न्हाय व्हय?"

"नाही," जोया म्हणाली.  "मावशी, ते दार नीट केलंय का नाही, मला माहीत नाही."

पण तिला माहीत होतं. खांद्यानं दार उचलणारा शहाजी तिच्या डोळ्यासमोर होता.

ती तशीच अक्कलकोट रोडला गेली. काळ्या गाडीची जागा रिकामी होती आणि शहाजी खुर्चीत बसून चहा पीत होता.

"दादा, त्या गाडीत माणूस मेलाय."

शहाजीनं कप खाली ठेवला नाही. "जुन्या गाडीत कोण ना कोण मेलेलंच असतं. जुन्या घरात असतं तसं."

"तुम्हाला ठाऊक होतं! पाण्यात बुडालेली गाडी, आणि मी सांगितलं पावसाचा थेंब नाही पाहिला म्हणून. ते दार अडकतंय. आतून उघडत नाही. नीट का नाही केलं?"

"अनटच्ड म्हणून विकली ना. दाराला हात लावला असता तर अनटच्ड राहिली असती का?" तो समजावणीच्या सुरात बोलत होता. आवाज चढला असता तर तिला एवढी भीती वाटली नसती. "आणि असलं काही आपण बोलत नाही, जोया. आपण सांगतो ते लोकांना ऐकायचं असतं म्हणून. घेणारा खूश आहे. गाडी पोचली पण बार्शीला. उद्या पूजा आहे त्यांची."

तिनं तिथूनच माउलींना फोन लावला. पलीकडं मांडवाचं ठोकाठोकीचं काम चालू असावं.

"अहो मॅडम! तुमचीच आटवण काढत हुतो. गाडी कसली हाय! सगळी आडतलाईन बगाय आली."

"काका, तिचं दार लावू नका. दार अडकतं. कुणी आत असताना तर मुळीच—"

"दार व्हय? लई भारी दार हाय! पैल्या काळचं लोखंड! या तुमी उद्या पूजेला, या नक्की." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही.

सकाळी ती वैरागमार्गे जाणाऱ्या एसटीत बसली. रुक्सानानं 'अकेली कायको जाती' म्हणून दाराशी अडवलं होतं, पण जोयानं आईला काहीच सांगितलं नव्हतं. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती. पुढच्या सीटवरचा एक बाप आपल्या मुलीला मोबाईलवर गाड्या दाखवत होता, आणि जोया सारखी मान वळवून खिडकीबाहेर बघत होती, आपला आवाज कानावर पडू नये म्हणून.

बार्शीच्या बाजारात माउलींची आडत शोधायला लागली नाही. दुकानापुढं मांडव, झेंडूच्या माळा, हमालांची गर्दी, आणि मधोमध ती. काळी, लख्ख, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक. इंजिन चालू होतं. धूर सोडत ती हलकेच थरथरत होती. डावं दार उघडं होतं आणि मागच्या सीटवर, हिरव्या शिलाईला पाठ टेकून, नऊवारीतली एक वाळकी म्हातारी हातात प्रसादाची पिशवी घेऊन बसली होती. तिची सून केराबाई पाटावर आरतीचं ताट लावत होती आणि नातसून रुपाली पाहुण्यांना पेढे वाटत होती.

"आल्या बगा आपल्या मॅडम!" माउली हात जोडत पुढं आले. धोतर, टोपी, डोळ्यांत लहान मुलासारखा आनंद. "ज्यांच्या शब्दावर गाडी घेटली त्याच ह्या!"

"काका, आधी आजींना खाली उतरवा." जोया धापा टाकत होती. "ही गाडी पुरात बुडालेली आहे. तिचा मालक आत अडकून वारला. हे दार—"

 माउलींचा चेहरा हळूहळू बदलला, आधी गोंधळ, मग अपमान. चार माणसांत, पूजेच्या दिवशी, असलं अभद्र.

"काय बोलताय तुमी?" त्यांनी खिशातून मोबाईल काढला. जोयाचाच आवाज मांडवात घुमला. झिरो रस्ट. कायम कोरड्या जागेत. विश्वास ठेवा. "ह्ये कोण बोलतंय? तुमीच न्हवं? मग तवा खोटं बोलत हुता का आता बोलताय?"

"तेव्हा," जोया म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला गाडी पायजे आसंल," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "मोडता घालाय आली."

तिनं वाद घातला नाही. पुढची सीट वाकवून ती सरळ आत शिरली आणि चिमाबाईचा हात धरला. "आजी, चला. बाहेर बसू आपण." म्हातारीचा हात थंड होता. ती जोयाकडं बघून बोळक्या तोंडानं हसली. "गाडी सुटली व्हय?"

"बगा तुमीच बगा!" माउली बाहेरून म्हणाले.  "दार कसं हाय बगा!" आणि त्यांनी ते दार धाडकन लावलं.

भरीव, घट्ट, सुंदर आवाज झाला. गर्दीतून वाहवा आली.

मग माउलींनी हँडल ओढलं.

पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. जोयानं आतून हँडल दाबलं, ते नुसतं सैल हललं. काच खाली करायचा दांडा फिरवला तर तो तिच्या हातात आला. "उचलून उघडा! खालून उचला!" ती ओरडली, पण इंजिनच्या आवाजात आणि जाड काचेआड तिचा आवाज बाहेर पोचत नव्हता. बाहेर तोंडं हलत होती. हसणारी काही तोंडं अजून हसत होती.

तेवढ्यात डॅशबोर्डखालून बारीक, निळसर धूर निघायला लागला. पुराचं पाणी प्यालेल्या वायरी असाव्यात. जळक्या रबराचा वास, आणि त्याखालून तोच विहिरीचा वास, गाळाचा, आता गरम झालेला. चिमाबाई खोकायला लागली. जोयानं तिचं तोंड ओढणीनं झाकलं, पुढं वाकून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं, पण धूर थांबला नाही. तिनं काचेवर हात मारायला सुरुवात केली. आणि मारता मारता तिच्या लक्षात आलं, की याच काचेवर, याच जागी, असाच हात मारला गेला होता. 

इंजिन बंद झाल्यानं आता बाहेरचं ऐकू येत होतं. एक हमाल दगड घेऊन पुढं आला होता.

"थांब!" माउलींनी त्याचा हात धरला. "काच मूळची हाय! पुन्ना मिळत न्हाय ती काच!"

ते काय बोलले हे त्यांचं त्यांना कळलं असावं, कारण त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. तरी हात सुटला नाही. किती वेळ, कुणास ठाऊक. जोयाला आत तो फार लांब वाटला. धुरापलीकडं माउलींचा चेहरा दिसत होता, आईकडं बघणारा, आणि हमालाच्या मनगटावर घट्ट आवळलेली त्यांची बोटं.

रुपालीनं पेढ्याचं ताट टाकलं. दुकानाच्या दाराला अडसर म्हणून ठेवलेलं लोखंडी वजन तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि सासऱ्यांना बाजूला ढकलून पुढच्या काचेवर घातलं. पहिल्या घावाला काचेत नुसतं जाळं पडलं. दुसऱ्याला ती आत कोसळली.

चिमाबाईला त्या भगदाडातून बाहेर काढली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. जोयाचे दोन्ही दंड काचांनी फाटले होते. कुणी तरी बॅटरीची वायर उपटली. केराबाई मांडवात मटकन बसली होती आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "हात का धरला? तुमी हात का धरला?"



म्हातारी वाचली. दवाखान्यातून घरी आली, पण नंतर खोलीचं दार कुणी लोटून घेतलं तरी ओरडायला लागायची. माउलींनी गाडी टेम्पोवर घालून परत पाठवली. जोया त्यांना भेटायला गेली, तक्रार करा म्हणून विनवलं. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "काय सांगू तक्रारीत? आई आत हुती आन् मी काच वाचवत हुतो, ह्ये सांगू?" त्यांनी सही करायला नकार दिला. शिवम्माला घेऊन ती पोलिस ठाण्यात गेली तर तिथला हवालदार म्हणाला, दिरानं राजीखुशीनं विकलेली गाडी, घेणाऱ्याची तक्रार नाही, मग आम्ही काय लिहायचं? त्यानं दोघींना चहा मात्र पाजला.

शहाजीचं काम जोयानं सोडलंच होतं. शिवम्माच्या अंगणात बसून तिनं एक व्हिडिओ केला. शहाजीनं शिकवलेला एकही शब्द वापरला नाही. गाडी कोणती, दार कुठलं, माणूस कोण होता, एवढंच सांगितलं. शिवम्मा शेजारी बसली होती. तो व्हिडिओ फारसा कुणी बघितला नाही. खाली एकानं लिहिलं, 'आवाज ओरिजिनल वाटत नाही.'

उन्हं तापायला लागली तसं एक दिवस रुक्सानानं स्वयंपाकघरातून हाक मारली. "जोया, तू फिरसे जाने लगी क्या उसके पास? मुझे बोली नै."

तिच्या हातात मोबाईल होता. त्यावर शहाजीचं शेड होतं आणि ती काळी गाडी. आता ती गडद लाल होती, पुढची काच नवी. आणि आवाज जोयाचा होता. किंचित जाड, खासगीत सांगितल्यासारखा. ती कधीच न बोललेली वाक्यं ती बोलत होती. फुल्ली रिस्टोअर्ड, नट-बोल्ट रिस्टोरेशन, शो विनर, बार्शीच्या नामवंत व्यापारी घराण्यात वापरलेली.

ती आवारात पोचली तेव्हा शहाजी कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्यानं लपवाछपवी केली नाही. उलट उत्साहानं तिला खुर्ची दिली.

"तुझे जुने व्हिडिओ होते ना एवढे, तेच मशीनला ऐकवले. आता आपण लिहायचं, ते बोलतं. दमत नाही, प्रश्न विचारत नाही." त्यानं काही तरी टाइप केलं.

"मी जोया," कॉम्प्युटर म्हणाला. "या गाडीची मी स्वतः खात्री देते."

 जोयानं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. तो हलत नव्हता.

"दार नीट केलं?"

"रंग दिलाय की नवा."

"कुणाला विकली? दादा, निदान एवढं सांगा. कुणाला?"

"लांब गेली," शहाजी म्हणाला आणि पुन्हा टाइप करायला लागला.

बाहेर ऊन रणरणत होतं. अक्कलकोट रोडनं ट्रक, टेम्पो, मोटारी दोन्ही दिशांनी धावत होत्या. लाल काही दिसलं की तिची मान आपोआप वळत होती. तेवढ्यात फोन वाजला. शिवम्मा.

"मावशी—"

पलीकडून नुसता श्वास. मग ती अगदी हळू म्हणाली, "कोण बोलतंय? तू बोलाय लागलीस का मोबाईलातलं ते?"

"मी आहे, मावशी. मीच."

"ते बी असंच म्हणतंय, मी जोया म्हणून." आणि फोन बंद झाला.

जोयानं पुन्हा लावला नाही. समोरून येणाऱ्या पहिल्या रिक्षाला तिनं हात केला. गावात पोचली तोवर ऊन कललं होतं. शिवम्मा ओसरीवर उभी होती. ती पुढं आली नाही, या म्हणाली नाही. जोया पायरीपाशी जाऊन थांबली आणि तिनं बाह्या वर सरकवून दोन्ही हात पुढं केले. शिवम्मानं दंडावरच्या काचेच्या वणांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग तिचं मनगट धरलं आणि तिला ओसरीवर ओढून घेतलं.

दोघी भिंतीला टेकून बसल्या, पाण्याच्या रेघेखाली. जोया एक शब्द बोलली नाही आणि शिवम्मानं तिला बोलायला लावलं नाही. मनगट मात्र सोडलं नाही. अंधार पडायला लागला तसे लांबच्या सडकेवर गाड्यांचे दिवे लागले. एकामागून एक ते येत होते आणि विजापूरच्या दिशेनं जात होते, आणि त्यांपैकी कुठल्या तरी एका गाडीत, मागच्या सीटवर, आत्ता कुणी तरी हौसेनं बसलेलं असणार होतं.